‘बोआ’ : एका शब्दाचा अर्थप्रवास आणि मराठीतील उपयोजन

प्रस्तावना

इंग्रजी कथा-कादंबऱ्या, नाट्यसंहिता आणि वेशभूषेचा इतिहास सांगणारे ग्रंथ यांत ‘बोआ’ हा शब्द अनेकदा आढळतो. पिसांनी किंवा फरने भरलेला, दोरासारखा गोल आणि लांब असा स्त्रियांचा गळपट्टा, हा तेथे त्याचा अर्थ असतो. मात्र इंग्रजी शब्दकोश उघडल्यास पहिला अर्थ मिळतो तो एका मोठ्या सापाचा. घाईत पहिल्या अर्थावर थांबणारा विद्यार्थी ‘तिने गळ्यात बोआ घातला होता’ या आशयाच्या वाक्याचे मराठीकरण ‘तिने गळ्यात अजगर घातला होता’ असे करण्याचा संभव असतो. ही चूक हास्यास्पद वाटली तरी ती अगदीच निराधार नाही. गळ्यात सर्प धारण करणाऱ्या भुजंगभूषण शंकराची प्रतिमा मराठी वाचकाच्या मनात लहानपणापासून ठसलेली असते. त्यामुळे असे वाक्य त्याला अशक्य वाटत नाही, आणि चूक झाल्याचे त्याच्या लक्षातही येत नाही.

एकच शब्द सापासाठी आणि गळपट्ट्यासाठी का वापरला गेला, त्या वस्तूचे स्वरूप कसे होते, तिच्यासाठी पिसे कोठून येत असत, काळाच्या ओघात तिला कोणते सामाजिक अर्थ प्राप्त झाले आणि मराठीत हा शब्द कसा योजावा, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शब्दाचे मूळ

‘बोआ’ हा शब्द लॅटिन भाषेतील आहे. रोमन लेखक थोरला प्लिनी (मृत्यू इ. स. ७९) याने आपल्या ‘निसर्गेतिहास’ या ग्रंथाच्या आठव्या खंडात इटलीतील ‘बोआ’ नावाच्या सापाचा उल्लेख केला आहे. सम्राट क्लॉडियसच्या काळात व्हॅटिकन टेकडीवर मारलेल्या अशा एका सापाच्या पोटात संपूर्ण बालक सापडल्याचे तो सांगतो. हे साप आरंभी गाईच्या दुधावर पोसले जातात आणि त्यावरूनच त्यांना हे नाव पडले, अशी व्युत्पत्तीही तो देतो. लॅटिनमध्ये गाय-बैलांसाठी ‘बॉस्’ हा शब्द आहे. त्याच्याशी ‘बोआ’चा संबंध जोडण्याचा हा प्रयत्न होय.

साप दूध पीत नाही, हे प्राणिशास्त्राने स्पष्ट केले आहे. प्लिनीची व्युत्पत्ती त्यामुळे लोकव्युत्पत्तीच्या सदरात मोडते. तथापि मराठी अभ्यासकाला ती अपरिचित वाटणार नाही. धामण गाई-म्हशींच्या पायांना विळखा घालून त्यांचे दूध पिते, असा समज महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात दीर्घकाळ रूढ आहे. दोन परस्परांपासून दूर असलेल्या पशुपालक समाजांत एकाच प्रकारची कल्पना आढळावी, ही बाब लोकसाहित्याच्या दृष्टीने उद्बोधक आहे.

पुढे १७५८ साली कार्ल लिनीयस याने ‘सिस्टेमा नॅच्युरी’ या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत अमेरिका खंडातील एका मोठ्या सापाला ‘बोआ कन्स्ट्रिक्टर’ असे शास्त्रीय नाव दिले. यातील ‘कन्स्ट्रिक्टर’ म्हणजे आवळणारा. इटलीतील सापासाठी वापरले गेलेले जुने नाव अशा रीतीने महासागरापलीकडील सापाला कायमचे चिकटले. भक्ष्याभोवती वेटोळे घालून त्याला आवळणे, हे त्याचे वैशिष्ट्य सुशिक्षित युरोपीय समाजात सर्वपरिचित झाले.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. मराठीतील ‘अजगर’ हा शब्द संस्कृतातून आला असून ‘अज’ म्हणजे बोकड व ‘गर’ म्हणजे गिळणारा, असा त्याचा अर्थ आहे. भारतातील अजगर हा शास्त्रीयदृष्ट्या ‘पायथन’ होय. अजगर अंडी घालतो, तर बहुतेक बोआ पिलांना जन्म देतात. महाराष्ट्रात आढळणारा मांडूळ हा मात्र बोआवर्गीय साप आहे. इंग्रजीत त्याला ‘रेड सँड बोआ’ म्हणतात. गुप्तधनाविषयीच्या अंधश्रद्धेतून या निरुपद्रवी आणि कायद्याने संरक्षित सापाचा चोरटा व्यापार चालतो. तात्पर्य, ‘बोआ’साठी ‘अजगर’ हा प्रतिशब्द सापाच्या अर्थानेही काटेकोर ठरत नाही. फ्रेंच लेखक आंत्वान द सँत-एक्झ्युपेरी यांच्या १९४३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘छोटा राजपुत्र’ या पुस्तकाच्या आरंभी हत्ती गिळलेल्या बोआचे चित्र आहे, आणि मोठ्या माणसांना ते टोपीचे वाटते. अशा ललित लेखनात ‘अजगर’ हा शब्द चालून जातो, कारण तेथे गिळण्याची क्रिया महत्त्वाची आहे. शास्त्रीय लेखनात मात्र तो चालणार नाही.

सापाकडून वस्त्राकडे

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रेंच व इंग्रजी भाषांत ‘बोआ’ हा शब्द स्त्रियांच्या लांब, गोल गळपट्ट्यासाठी वापरला जाऊ लागला. चार्ल्स डिकन्स यांच्या १८३६ सालच्या ‘स्केचेस बाय बॉझ’ या संग्रहातही तो या अर्थाने येतो. प्रारंभी हा गळपट्टा फरचा किंवा पिसांचा असे आणि ‘बोआ’ एवढाच शब्द पुरेसा होई. पुढे पिसांचा प्रकार विशेष लोकप्रिय झाल्यावर तो वेगळा दाखवण्यासाठी ‘फेदर बोआ’ हा जोडशब्द रूढ झाला. जर्मन भाषेतील ‘फेडरबोआ’ हा शब्दही याच घडणीचा आहे.

हा अर्थबदल भारतीय काव्यशास्त्राच्या परिभाषेत सहज समजावून देता येतो. ‘गळ्यात बोआ’ या प्रयोगात सापाचा मुख्यार्थ बाधित होतो. आकार आणि वेटोळे या दोन गुणांच्या सादृश्यामुळे दुसरा अर्थ लक्षित होतो. ही गौणी लक्षणा होय. कालांतराने प्रयोग इतका रुळतो की सादृश्याचे भान उरत नाही व लक्ष्यार्थ हाच वाच्यार्थासारखा व्यवहारात येतो. आज फेदर बोआ विकत घेणाऱ्या इंग्रजी भाषकाच्या मनात साप येत नाही.

मराठीत वस्तूंना सादृश्यावरून नावे देण्याची प्रथा दागिन्यांच्या बाबतीत ठळकपणे दिसते. बोरमाळेत बोरे ओवलेली नसतात, पोहेहारात पोहे नसतात आणि जोंधळेमणी ज्वारीचे नसतात, हे कोणालाही सांगावे लागत नाही. ही नावे मराठी भाषकाला पारदर्शक वाटतात, कारण बोर, पोहे व जोंधळे त्याच्या घरातले आहेत. बोआ हा साप मात्र त्याने पाहिलेला नाही आणि पिसांचा गळपट्टाही त्याच्या नित्य वापरातला नाही. उपमान व उपमेय ही दोन्ही अपरिचित असल्यामुळे या शब्दातील सादृश्य मराठीत आपोआप उलगडत नाही. अनुवादातील अडचणीचे मूळ येथे आहे.

वस्तूचे स्वरूप

बोआ विणला जात नाही. एका लांब दोरावर पिसे लागोपाठ बांधून किंवा शिवून दोराला पीळ दिला जातो. त्यामुळे पिसे सर्व बाजूंनी उभी राहतात आणि गळपट्ट्याला नळीसारखा भरीव आकार येतो. त्याची लांबी सामान्यतः सहा फुटांच्या आसपास असते. तो गळ्याभोवती एक वेढा देऊन दोन्ही टोके पुढे सोडून घालतात, अथवा खांद्यांवरून पाठीमागे रुळू देतात. त्याचा उपयोग ऊब मिळवण्यापेक्षा शोभेसाठीच अधिक होतो.

पिसांच्या जातीनुसार बोआचे रूप पालटते. शहामृगाची पिसे लांब, मऊ व झुलणारी असतात. कोंबड्याच्या शेपटीची पिसे तुकतुकीत व टोकदार दिसतात. ‘मॅराबू’ नावाने ओळखली जाणारी पिसे म्हणजे अगदी मऊ लव. आज स्वस्त बोआसाठी प्रामुख्याने टर्कीची पिसे रंगवून वापरली जातात, आणि ‘मॅराबू’ नावाने विकली जाणारी लवही बहुधा टर्कीचीच असते.

पिसांचे मूळ स्थान

‘मॅराबू’ या शब्दाचा इतिहास भारतीय अभ्यासकाने आवर्जून पाहावा असा आहे. विरक्त साधूसाठी असलेल्या ‘मुराबित’ या अरबी शब्दापासून फ्रेंच ‘माराबू’ शब्द बनला आणि तो आफ्रिकेतील एका मोठ्या, टक्कल असलेल्या करकोच्याला दिला गेला. त्याच्या शेपटीखालील मऊ पिसांना बाजारात तेच नाव मिळाले. मात्र या नावाने विकल्या जाणाऱ्या पिसांचा एक भाग भारतातून जात असे. हेन्री यूल व ए. सी. बर्नेल यांच्या १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात बंगालमधील ‘कमरकॉली’ या गावाची नोंद आहे. ते गाव म्हणजे तत्कालीन नदिया जिल्ह्यातील कुमारखाली. आज ते बांगलादेशात आहे. पिसांच्या व्यापारामुळे ते नाव इंग्रजांना ठाऊक होते. कलकत्त्यात ‘मॅराबू’ किंवा ‘कमरकॉली’ या नावाने विकली जाणारी पिसे ज्या पक्ष्याची असत, त्याला इंग्रज ‘अ‍ॅडज्युटंट’ म्हणत. आसामी भाषेत तोच पक्षी ‘हरगिला’ म्हणजे हाडे गिळणारा म्हणून ओळखला जातो. ‘अजगर’ आणि ‘हरगिला’ या दोन्ही शब्दांची घडण सारखी आहे, हे सहज ध्यानात येईल.

या पक्ष्याची एकोणिसाव्या शतकातील स्थिती विरोधाभासाची होती. कलकत्त्याच्या रस्त्यांवरील घाण खाऊन नगर स्वच्छ ठेवणारा म्हणून त्याला तेथे मान होता. कलकत्ता नगरपालिकेच्या जुन्या बोधचिन्हावरही त्याची जोडी होती. त्याच पक्ष्याची पिसे परदेशातील स्त्रियांच्या वेशभूषेसाठी विकली जात होती. पुढे त्याची संख्या सर्वत्र घटली. आसाममध्ये डॉ. पूर्णिमा देवी बर्मन यांनी ग्रामीण स्त्रियांना संघटित करून त्याच्या घरट्यांचे रक्षण सुरू केले. या कार्यासाठी २०२२ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्यांना ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ हा सन्मान दिला. तेथील स्त्रिया विणकामात हरगिल्याची आकृती वस्त्रावर उतरवतात. ज्या पक्ष्याची पिसे एकेकाळी वस्त्रासाठी काढली जात, त्याचे आता केवळ चित्र वस्त्रावर येते.

बोआसाठी सर्वाधिक प्रतिष्ठा मात्र शहामृगाच्या पिसांना होती. दक्षिण आफ्रिकेतील औट्सहोर्न हे शहर या व्यापाराचे केंद्र होते. १८६० नंतरच्या दशकांत तेथे शहामृगपालन वाढीस लागले. १९१३ साली सोने, हिरे आणि लोकर यांच्या खालोखाल पिसे ही त्या देशाची चौथ्या क्रमांकाची निर्यात होती. पिसांच्या पैशातून बांधलेले प्रासादतुल्य वाडे त्या शहरात आजही उभे आहेत. १९१४ साली बाजार कोसळला. महायुद्ध, बदललेली अभिरुची, अतिरिक्त उत्पादन आणि उघड्या मोटारगाड्यांमुळे मोठ्या पिसांचा पोशाख गैरसोयीचा होणे, ही त्याची कारणे सांगितली जातात. पूर्ण वाढलेले पीस जिवंत शहामृगाला इजा न करता कापून घेता येते. त्यामुळे हा व्यापार पक्षी मारण्यावर अवलंबून नव्हता.

बगळ्यांच्या बाबतीत परिस्थिती वेगळी होती. त्यांची तलम शोभापिसे विणीच्या हंगामातच येतात. ती मिळवण्यासाठी घरट्यावरील पक्षी मारले जात आणि पिले उपाशी मरत. ही पिसे मुख्यतः टोप्यांवरील तुऱ्यांसाठी वापरली जात. बोआ व तुरा हे एकाच व्यापाराचे दोन भाग असले, तरी त्यांमागील हिंसेचे प्रमाण सारखे नव्हते, हा भेद अभ्यासकाने लक्षात ठेवला पाहिजे.

विरोध आणि कायदे

या व्यापाराविरुद्धची चळवळ प्रामुख्याने स्त्रियांनी उभारली. १८८९ साली एमिली विल्यमसन यांनी इंग्लंडमधील मँचेस्टरजवळच्या डिड्सबरी येथे पिसे न वापरण्याची प्रतिज्ञा घेणाऱ्या स्त्रियांची संस्था स्थापन केली. हीच संस्था पुढे ‘रॉयल सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ बर्ड्‌स’ या नावाने प्रसिद्धीस आली. ब्रिटिश संसदेने १९२१ साली पिसांच्या आयातीवर बंदी घालणारा कायदा संमत केला. त्यातून शहामृग आणि आयडर बदक यांची पिसे वगळण्यात आली होती. परिणामी शहामृगाच्या पिसांचा बोआ या कायद्यानंतरही वैध राहिला.

भारतात त्याच्या कितीतरी आधी, १९०२ साली, वन्य पक्ष्यांची कातडी व पिसे यांच्या निर्यातीवर सरकारने निर्बंध घातले. त्यानंतर १९१२ चा वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायदा आणि स्वातंत्र्योत्तर काळात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा हे टप्पे आले. या कायद्यांच्या इतिहासाचे अध्यापन करताना ‘पिसांची फॅशन’ म्हणजे नेमके काय, हे विद्यार्थ्याला ठाऊक नसेल, तर कायद्यामागील कारण त्याच्यासाठी धूसर राहते.

सामाजिक अर्थाचे परिवर्तन

शब्दाचा कोशातील अर्थ स्थिर राहिला, तरी त्याची व्यंजना बदलत जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी बोआ हे सुखवस्तू, प्रतिष्ठित स्त्रीचे लक्षण होते. गुस्टाव्ह क्लिम्ट यांचे टोपी व पिसांचा बोआ घातलेल्या स्त्रीचे १९०९ सालचे चित्र या काळाची साक्ष देते. पहिल्या महायुद्धानंतर रोजच्या पोशाखातून बोआ मागे पडला, पण रंगमंचावर तो टिकून राहिला. संगीतिका, नृत्यगृहे व चित्रपट यांतील नर्तिकांच्या वेशभूषेशी तो जोडला गेला. स्त्रीवेशात सादरीकरण करणाऱ्या पुरुष कलावंतांनी त्याला आपलेसे केले. १९७० च्या दशकात मार्क बोलान यांच्यासारख्या रॉक गायकांनी तो पुरुषवेशातही आणला. २०२१ च्या ग्रॅमी पुरस्कार सोहळ्यात गायक हॅरी स्टाइल्स यांनी बोआ परिधान केल्यानंतर त्यांच्या कार्यक्रमांना येणारे तरुण श्रोतेही रंगीत बोआ घालून येऊ लागले.

यावरून असे दिसते की १९०५ सालच्या कथेतील बोआ आणि १९७५ सालच्या कथेतील बोआ ही एकच वस्तू असली, तरी त्यांचा संकेत एक नाही. पहिल्या ठिकाणी तो कुलीनता व संपन्नता सुचवतो. दुसऱ्या ठिकाणी भपका, नाटकीपणा किंवा रूढ वेशसंकेतांना दिलेले आव्हान. अनुवादकाने पिसांचा गळपट्टा म्हणून वस्तू अचूक सांगितली, पण काळाचा संदर्भ सोडला, तर पात्राची ओळखच बदलण्याचा धोका असतो.

मराठीतील उपयोजन

मराठीत गळ्यावर किंवा खांद्यावर घेण्याच्या वस्त्रांसाठी उपरणे, शेला, गळपट्टा, ओढणी, मफलर, स्टोल असे शब्द आहेत. ही सर्व विणलेली वस्त्रे होत. पिसांचे स्थान आपल्याकडे मस्तकावर किंवा हातात राहिले आहे. वासुदेवाची मोरपिसांची टोपी, फेट्यावरील तुरा आणि देवावर ढाळण्याचे मोरचेल ही त्याची उदाहरणे. गळ्यात फुलांचा हार येतो, पिसांचा नाही. त्यामुळे या वस्तूसाठी मराठीत स्वतंत्र शब्द निर्माण होण्याचे कारणच घडले नाही. ‘शेला’ किंवा ‘उपरणे’ हे प्रतिशब्द योजल्यास वस्तू देशी वाटते, पण तिचे पिसांशी असलेले नाते नाहीसे होते.

लिप्यंतराचा मार्ग स्वीकारल्यास लेखनाचा प्रश्न उद्भवतो. ‘बोवा’ असे लिहिल्यास ते ‘बुवा’ या शब्दाचेच दुसरे रूप ठरते व कीर्तनकाराचा किंवा साधुपुरुषाचा बोध होतो. म्हणून ‘बोआ’ हेच लेखन इष्ट होय. गोव्यातील वाचकांना पोर्तुगीज भाषेतील ‘बोआ’ हा ‘चांगली’ या अर्थाचा शब्द अभिवादनांतून परिचित असतो. त्याचा या शब्दाशी काहीही संबंध नाही.

व्याकरणदृष्ट्या ‘बोआ’ पुल्लिंगी मानणे सोयीचे आहे, कारण साप व गळपट्टा हे दोन्ही शब्द पुल्लिंगी आहेत. शब्द आकारान्त असला तरी ‘घोडा – घोड्याला’ याप्रमाणे त्याचे सामान्यरूप होत नाही. ‘काका – काकाला’ याप्रमाणे तो अविकृत राहतो : बोआला, बोआचा, बोआने. अनेकवचनही ‘बोआ’ असेच ठेवावे.

प्रत्यक्ष अनुवादात पुढील पद्धती उपयुक्त ठरेल. ललित लेखनात शब्द पहिल्यांदा येईल तेथे ‘पिसांचा गळपट्टा’ असा वर्णनात्मक प्रयोग करावा आणि पुढे वाटल्यास ‘बोआ’ वापरावा. मूळ संहितेत गळपट्टा फरचा असेल तर ‘पिसांचा’ हे विशेषण टाळावे. विशेषतः एकोणिसाव्या शतकातील लेखनात ही काळजी घ्यावी. वेशभूषेच्या किंवा व्यापाराच्या इतिहासावरील लेखनात पिसे कोणत्या पक्ष्याची, हेही ज्ञात असल्यास सांगावे. मूळ लेखकाने साप आणि गळपट्टा या दोन अर्थांवर जाणीवपूर्वक श्लेष साधला असेल, तर ‘पिसांचा विळखा’ यासारखी रचना त्या दोन्ही अर्थांना स्पर्श करू शकते.

समारोप

‘बोआ’ या शब्दाने वस्तूचा आकार नेमका टिपला. पण आकारावर भर देताना वस्तू ज्यापासून बनली ते द्रव्य त्याने झाकून टाकले. नावात साप राहिला आणि पक्षी दिसेनासा झाला. कुमारखालीच्या बाजारातील हरगिला किंवा औट्सहोर्नचा शहामृग या शब्दातून कोणालाही दिसत नाही. ‘पिसांचा गळपट्टा’ हा मराठी पर्याय लांबट वाटला, तरी त्यात ‘पीस’ हा शब्द कायम राहतो आणि त्याबरोबर पक्ष्याची आठवणही राहते. मूळ भाषेत दिसेनासे झालेले काही येथे अनुवादात परत दिसू लागते. पाठ्यपुस्तकातील एका अनोळखी शब्दाचा अर्थ फळ्यावर लिहिताना अध्यापकाने त्या एका शब्दामागील पक्षी, व्यापार आणि कायदा यांचा उल्लेख दोन-तीन वाक्यांत केला, तर भाषेचा तास इतिहासाचा व पर्यावरणाचाही तास होऊ शकेल.